दहा मैल इकडे-तिकडे

जहाज डावीकडे वळलं तेव्हा कॅप्टन शर्मिष्ठा केळुसकर सुकाणूकक्षात उभी राहून चहा पीत होती. वळायला कुणी सांगितलं नव्हतं. वळण तसं किरकोळच होतं, कपातला चहासुद्धा हलला नाही. पण समुद्रावर उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाच्या तळपायांना अशा गोष्टी कळतात. तिने चीफ ऑफिसर आशय मोंडकरला विचारलं की हे काय चाललंय. आशयने पडद्याकडे पाहिलं आणि सांगितलं, की अढळला, म्हणजे जागा सांगून सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राला, आपण दक्षिणेकडे सरकल्यासारखे वाटतोय. प्रवाहामुळे झालं असेल. म्हणून त्याने जहाज जरा उत्तरेला घेतलंय.

"प्रवाह दिसला का तुला कुठे?" शर्मिष्ठाने विचारलं.

आशय म्हणाला की प्रवाह दिसत नसतो, मॅडम. हे खरंच होतं. त्यामुळे तिला आणखीच राग आला.

'वसुमती' हे तिचं जहाज ओमानमधल्या सलालाहून जिप्सम भरून कोचीला निघालं होतं. ऑक्टोबर होता, तरी पावसाळ्याचं शेपूट अरबी समुद्रावर अजून रेंगाळत होतं. आभाळ निघाल्यापासून गच्च भरलेलं. पूर्वी अशा आभाळाची कुणी पर्वा केली नसती. उपग्रह ढगांच्या वर असायचे आणि जहाजाची जागा हाताच्या अंतरापर्यंत सांगायचे. पण गेल्या काही वर्षांत आखाती भागातल्या भांडणांत जो तो उपग्रहांचे संदेश बुजवू लागला. नुसते बुजवून थांबले नाहीत, खोटे संदेशही पेरू लागले. भर समुद्रातली जहाजं पडद्यावर विमानतळाच्या धावपट्टीवर उभी दिसायची. शेवटी जहाज कंपन्यांनी उपग्रहांचा नाद सोडला आणि अढळ बसवून घेतलं.

अढळला बाहेरचं काहीच लागत नाही, हीच त्याची ख्याती. एका बंद पेटीत चिमूटभर धातूची वाफ असते. लेझरच्या प्रकाशाने तिच्यातल्या अणूंना इतकं थंड करतात की ते जवळजवळ जागच्या जागी उभे राहतात. मग त्यांना सोडून देतात आणि ते कसे पडतात ते मोजतात. जहाज पुढे रेटलं गेलं, कलंडलं, वळलं, तर पडणाऱ्या अणूंना ते कळतं. एस.टी.त डोळे मिटून बसलेल्या माणसाला ब्रेक लागला, वळण आलं हे कळतं, तसंच. प्रत्येक धक्क्याची बेरीज करत गेलं की आपण निघालो तिथून किती आणि कुठे आलो ते काढता येतं.

पण बेरजेत चुका साठत जातात. त्यावरही अढळकडे तोड होती. समुद्राच्या तळाशी डोंगर असला की त्याच्या वरच्या पाण्यात पृथ्वीची ओढ केसभर जास्त असते आणि अणू केसभर लवकर पडतात. अशा जागांचा नकाशा यंत्राच्या पोटात होता. डोळे मिटलेल्या त्या एस.टी.तल्या माणसाला गतिरोधकाचा ओळखीचा दणका बसावा आणि त्याने म्हणावं, "हं, कुडाळ आलं." तसं.

हे गतिरोधकाचं उदाहरण शर्मिष्ठाच्या नवऱ्याचं होतं. अढळचा नकाशा जुळवणारा भाग हृषीकेश परुळेकरनेच लिहिला होता. तो गोव्यात त्या कंपनीत मुख्य शास्त्रज्ञ होता, आणि पाहुण्यांना हे उदाहरण देताना तो फार खुलायचा. एकदा जेवताना शर्मिष्ठाने विचारलं होतं, की दोन गावांचे गतिरोधक सारखेच असले तर? त्यावर त्याने तिला आमटी वाढली होती.

जहाज वळल्यावर तिने मुंबईच्या कार्यालयात फोन केला. जहाजाच्या मार्गावर देखरेख ठेवणारे विश्राम धारप हे गृहस्थ सौम्य आणि चिवट होते. त्यांनी अढळचे आकडे तपासले आणि सगळं उत्तम असल्याचं कळवलं. जागेतली चूक दोनशे मीटरच्या आत. तिने विचारलं, हे दोनशे मीटर कुणी सांगितले? धारप म्हणाले, अढळनेच.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमाराला ढगांना दक्षिणेकडे एक भगदाड पडलं.

नियम अजून बदललेला नव्हता म्हणून जहाजावर सेक्स्टंट होता. त्याच्या आरशाच्या कडेला काळे डाग पडले होते. शर्मिष्ठाने तो शेवटचा कधी हाताळला होता तिला आठवेना. ती बाहेर पंखावर, म्हणजे सुकाणूकक्षाच्या बाजूच्या उघड्या सज्जात, जाऊन उभी राहिली. सेक्स्टंटमधून पाहिलं की सूर्य आरशात खाली उतरवता येतो आणि क्षितिजावर अलगद टेकवता येतो. किती उतरवावा लागला, ती सूर्याची उंची. माध्यान्हीला सूर्य सगळ्यात उंच असतो तेव्हाची उंची नव्वद अंशांतून वजा करायची. त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या जितका दक्षिणेला असेल तेवढंही त्यातून वजा करायचं. उरतात ते आपले अक्षांश. घड्याळसुद्धा लागत नाही. पूर्व-पश्चिम आपण कुठे आहोत ते यातून कळत नाही, पण उत्तर-दक्षिण कळतं. आणि आज नेमकं तेवढंच हवं होतं. वसुमतीची वाट लक्षद्वीपच्या बेटांमधल्या रुंद खाडीतून जाणार होती. खाडीच्या उत्तरेला सुहेलीचं प्रवाळ, दक्षिणेला मिनिकॉय. मधून गेलं की झालं.

क्षितिजावर धुरकट पट्टा होता. जहाज डोलत होतं. सूर्य कधी पाण्यात बुडायचा, कधी वर लटकायचा. ढग परत मिटेपर्यंत तिने जमेल तितक्या वेळा उंची घेतली आणि आत येऊन गणित मांडलं. उत्तर पाहून तिने ते पुसलं आणि परत मांडलं.

अढळ म्हणत होतं, जहाज खाडीत, सुहेलीच्या बरंच खाली आहे. सूर्य म्हणत होता, जहाज तिथून तीस-चाळीस मैल उत्तरेला, सुहेलीच्याही किंचित वर आहे.

आशयने तिचं गणित तपासलं. तो प्रामाणिक आणि हुशार होता. सेक्स्टंट त्याने फक्त परीक्षेपुरता हातात धरला होता, पण गणितात चूक नाही हे त्याला मान्य झालं. मग त्याने नकाशावर तिची जागा मांडली आणि त्याचा चेहरा उजळला. तिचा आकडा खरा असेल तरी काळजी नाही, असं तो म्हणाला. त्या आकड्याप्रमाणे सरळ गेलं तर सुहेलीच्या उत्तरेने सुखरूप निघून जाऊ. अढळचा खरा असेल तर दक्षिणेने जाऊ. दोन्हीकडून वाट मोकळी आहे.

"माझा आकडा खरा नाहीये," शर्मिष्ठा म्हणाली.

"मग वळायचं कशाला, मॅडम?"

"कारण तो खोटाही नाही. दहा मैल इकडे-तिकडे असेल. क्षितिज धुरकट होतं, माझा हात बसलेला नाही. दहा मैलांचं वर्तुळ काढ बघू."

आशयने वर्तुळ काढलं आणि जहाजाच्या वाटेवरून पुढे सरकवलं. सुहेली त्याच्या पोटात आली.

त्याने रडारकडे पाहिलं. मग म्हणाला, रडारवर दिसेलच की. तिने त्याला समजावलं, की रडारला पाण्याच्या वर आलेलं दिसतं. सुहेलीची दोन बेटं चिमुकली आहेत आणि बाकीचं प्रवाळ पाण्याच्या पातळीला मैलोन् मैल पसरलंय. त्यात समोर पावसाच्या सरी, म्हणजे पडद्यावर नुसता भुसा. खोली मोजणाऱ्या यंत्राचाही भरवसा नाही, कारण प्रवाळाची भिंत तळापासून सरळ उभी चढते. तळ लागला असं यंत्राने सांगेपर्यंत भरलेलं जहाज थांबवायला अवधी उरत नाही.

तिने सुकाणू यंत्राकडून काढून हातात घ्यायला लावलं, जहाज उलटं फिरवलं आणि आल्या वाटेने पश्चिमेला धरलं. ज्या पाण्यातून आलो ते पाणी तरी मोकळं आहे हे नक्की होतं. तिथून पुढे दक्षिणेला उतरायचं, तिचं वर्तुळ पुरतं सुहेलीच्या खाली येईपर्यंत, आणि मग पुन्हा पूर्वेला.

धारपांचा फोन लगेच आला. ते रागावले नव्हते. त्यांना फक्त जहाजाची जागा हवी होती, कारण मार्ग बदलला की विमा कंपनीला नवी जागा कळवावी लागते. शर्मिष्ठाने सांगितलं, सुहेलीच्या पश्चिमेला आहोत, दहा मैल इकडे-तिकडे. धारप म्हणाले, बरोबर, पण नेमकं कुठे? ती म्हणाली, नेमकं माहीत नाही. धारपांनी मोठ्या समजूतदारपणे सुचवलं, की त्यातल्या त्यात जे वाटतं ते सांगा. तिने सांगितलं की त्यातल्या त्यात जे वाटतं ते सांगितलं तर तुम्ही ते खरं धराल. धारप म्हणाले, अर्थात. नाहीतर अढळचीच जागा कळवावी लागेल.

तिने फोन ठेवला आणि नवऱ्याला लावला.

हृषीकेश बैठकीतून उठून आला होता, ते त्याच्या आवाजावरून कळत होतं. तिने काय झालं ते सांगितलं. त्याने आधी सेक्स्टंटबद्दल विचारलं, मग धुक्याबद्दल, मग तिला शेवटचा सराव कधी होता याबद्दल. तिन्ही प्रश्न रास्त होते. तिने तिन्हींची खरी उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तराबरोबर आपली बाजू पडत चालल्याचं तिला ऐकू येत होतं. शेवटी तो म्हणाला, की हजारो तासांच्या चाचण्यांत दोनशे मीटरच्या बाहेर यंत्र गेलेलं नाही, आणि ती त्याच्यावरचा जुना राग यंत्रावर काढतेय.

जुना राग होता, हे खरं. अढळच्या पहिल्या नमुन्यात जागेभोवती वर्तुळ दिसायचं. खात्री असली की लहान, शंका असली की मोठं. कॅप्टन लोक सारखे फोन करायचे, आज वर्तुळ मोठं का? कंपन्या वैतागल्या. मग पुढच्या नमुन्यात वर्तुळ गेलं आणि ठिपका आला, हिरवा, टपोरा. हृषीकेशचं म्हणणं होतं, पडद्यावर शंका दिसली की माणसाचे हात कापतात. शर्मिष्ठाचं म्हणणं होतं, हात कापायला हवेत तेव्हा कापू देत. त्यावरून दोघं महिनाभर धड बोलत नव्हती.

आता ती एवढंच म्हणाली, "हृषी, काल यंत्राने एक डोंगर ओळखला आणि जहाज वळवलं. त्या वेळी दुसरा नंबर कुणाचा होता?"

यंत्राला ओढीचा दणका बसतो तेव्हा ते नकाशातले सगळे डोंगर लावून पाहतं आणि सगळ्यात चांगला जुळेल तो घेतं. दुसरा कोण होता आणि किती जवळ होता, हे ते कुणाला सांगत नाही. पण त्याची नोंद कंपनीकडे राहते. हृषीकेश म्हणाला, बघून सांगतो. त्याचा आवाज थोडा बदलला होता.

तो परत बोलला तेव्हा घाईत होता. दुसरा नंबर पहिल्याला जवळजवळ चिकटूनच होता. दोन डोंगर, एकसारखे, एकमेकांपासून तीसेक मैलांवर. जहाज आपल्या वाटेवर बरोबर चाललं होतं. यंत्राने उत्तरेकडचा डोंगर दक्षिणेकडचा समजून घेतला, आपण खाली सरकलो असं ठरवलं आणि जहाज वर ओढलं.

"वळ तू," तो म्हणाला. "आधी वळ."

"वळलेय केव्हाच," शर्मिष्ठा म्हणाली. "माझं सोड. माझ्या पुढे नीलपर्णी आहे."

नीलपर्णी हे नाफ्ता, म्हणजे चटकन पेटणारं तेल, भरलेलं टँकर जहाज होतं. तेही कोचीलाच निघालं होतं आणि वसुमतीच्या पुढे तासाभराच्या अंतरावर होतं. वळल्या वळल्या तिने त्याच्या कॅप्टनला रेडिओवर गाठलं होतं. सुलेमान वाघेर हे गुजरातेतल्या सलायाकडचे जुने दर्यावर्दी, बोलायला अदबशीर. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, की बहन, माझं अढळ मला भर खाडीत दाखवतंय आणि तुमचं अढळही तुम्हाला तिथेच दाखवतंय. दोन यंत्रं एक सांगतात आणि एक माणूस दुसरं सांगतो. मी मालकाला काय सांगू? तिने सांगून पाहिलं, की दोन्ही यंत्रांच्या पोटात नकाशा एकच आहे, तेव्हा दोघांची चूकही एकच असणार. त्यांनी आभार मानले आणि वेग होता तोच ठेवला.

हृषीकेशने हे ऐकलं आणि त्याने सांगितलं की तो लगेच वरिष्ठांकडे जातो. तो गेला. परत आला तेव्हा म्हणाला की त्यांना हे गंभीर वाटतंय. उद्या सकाळी समिती बसेल. तोवर कुणाला काही कळवायचं नाही, उगाच घबराट होईल.

शर्मिष्ठाला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आशय शेजारी उभा होता म्हणून तिने ते केलं नाही. तिने विचारलं, सगळ्या जहाजांच्या पडद्यावर संदेश टाकायची सोय तुझ्या हातात आहे ना? तो म्हणाला, आहे. पण ती यंत्राची दुरुस्ती कळवण्यासाठी आहे. एकदा असा संदेश गेला की हिंदी महासागरातलं प्रत्येक जहाज मंदावेल. त्यानंतर अढळ कुणी विकत घेणार नाही, आणि त्याला तर कुणी दारात उभं करणार नाही. हे सगळं तो रडून सांगत नव्हता, तक्रारही करत नव्हता. हिशेब मांडावा तसं मांडत होता. मग म्हणाला, "शर्मिष्ठा, तुला नक्की खात्री आहे?"

"नाही," ती म्हणाली. "दुपारपासून प्रत्येकाला तेच सांगतेय. मला खात्री नाही. तुझ्या यंत्राला आहे, धारपांना आहे, वाघेरना आहे. मला एकटीला नाहीये, आणि म्हणून मी वळले. तुला खात्री हवी असेल तर थोडं थांब. नीलपर्णी खडकावर चढली की मिळेल."

तिकडे फोन ठेवल्याचा आवाज आला. तो चिडून ठेवला की आणखी कशासाठी, ते तिला कळलं नाही. ती पडद्याकडे बघत उभी राहिली. तिला त्याची कीवही येत होती आणि संतापही. दोन्हीतलं आधी कोणतं आलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग अढळच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका गेला. त्या जागी अक्षरं उमटली.

"तुमची जागा आम्हाला नक्की माहीत नाही. वेग कमी करा. डोळ्यांनी पाहा." खाली हृषीकेशचं नाव होतं आणि त्याचा स्वतःचा फोन नंबर.

आशयने ते दोनदा वाचलं. म्हणाला, मॅडम, असं यंत्र मी पहिल्यांदाच बघतोय.

शर्मिष्ठाने वाघेरना हाक मारली नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि जहाज फिरवणाऱ्या माणसाला त्या वेळी कुणाचा आवाज नको असतो. रडारवर, पावसाच्या भुशाच्या अलीकडे, नीलपर्णीचा ठिपका हळू झाला. मग त्याने वळायला सुरुवात केली. टँकर वळायला फार वेळ घेतं. आशय रडारवर वाकून उभा होता आणि ती दुर्बीण घेऊन बाहेर, जिथून काहीच दिसण्यासारखं नव्हतं.

शेवटी वाघेर बोलले. आवाज तोच होता, पण त्यातली अदब निघून गेली होती आणि फक्त श्वास उरला होता. पावसाची सर सरकली आणि समोर पाणी पांढरं दिसलं, असं त्यांनी सांगितलं. लांबच्या लांब फुटणाऱ्या लाटा. पलीकडे नारळीची झाडं आणि दीपस्तंभ. वेग आधीच उतरवला होता म्हणून जहाज फिरलं. नाहीतर मालकाला सांगायला काही उरलं नसतं, बहन.

दीपस्तंभ सुहेलीचा. त्याच्यापासून नीलपर्णी किती लांब, आणि नीलपर्णीपासून वसुमती किती लांब, हे रडारवरून मोजता येत होतं. म्हणजे वसुमती खरोखर कुठे आहे हे आता काढता येणार होतं. आशयने ते काढलं आणि मागे मोजत मोजत दुपारच्या जागेपर्यंत गेला. मग जरा घुटमळत म्हणाला, की मॅडम, तुमचे अक्षांश सात मैलांनी चुकले होते. आपण सुहेलीच्या वर नव्हतो. थेट तिच्या समोर होतो.

शर्मिष्ठाने विचारलं, सात? आशय म्हणाला, सात. तिने त्याला ते जहाजाच्या नोंदीत लिहायला सांगितलं, तसंच्या तसं, आणि खुर्चीत बसली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती. तिचे हात आता कापायला लागले.

हृषीकेशचा फोन आला तेव्हा आधी तिने त्याला नीलपर्णीचं सांगितलं. मागे रस्त्यावरची रहदारी ऐकू येत होती. त्याला कंपनीच्या इमारतीतून बाहेर जायला सांगितलं होतं, संगणकाची परवानगी काढून घेतली होती, आणि तो फाटकाबाहेरच्या चहाच्या गाड्याशी उभा होता. एका कानाला हा फोन, आणि खिशातला दुसरा, संदेशाखाली दिलेल्या नंबराचा, सारखा वाजत होता. श्रीलंकेच्या बाजूची जहाजं, सेशेल्सच्या बाजूची जहाजं. सगळे एकच विचारत होते.

"यातली किती चुकीच्या जागी आहेत?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"साधारण?"

"मला माहीत नाही, शर्मिष्ठा. नोंदी आत राहिल्या. कदाचित एकही नसेल. कदाचित…" तो थांबला. "ते मला विचारतायत आम्ही कुठे आहोत, आणि मी काय सांगू? आकडा नाही माझ्याकडे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हृषीकेशच्या तोंडून 'माहीत नाही' हे तिने कधी ऐकलं नव्हतं. निदान लागोपाठ दोनदा तर नाहीच. तिला त्याच्यावर रागवायचं होतं, बरंच राहिलं होतं. ते तिने घरी जाईपर्यंत बाजूला ठेवलं.

"त्यांना जागा सांगू नकोस," ती म्हणाली. "त्यांना काय दिसतंय ते विचार. किनारा दिसतोय का, पक्षी दिसतायत का, पाण्याचा रंग कसाय. सूर्य दिसत असेल तर सेक्स्टंट काढायला सांग. येत नसेल त्याला माझ्याकडे दे, मी सांगते. आणि कुणीही आकडा दिला की विचार, किती इकडे-तिकडे."

तो म्हणाला, फोन ठेवू नकोस. त्याने दुसरा फोन उचलला आणि तिला तो कुणाशी तरी बोलताना ऐकू येऊ लागला. आधी त्याने आपलं नाव सांगितलं. मग अडखळत विचारलं, की कॅप्टन, तुम्हाला आत्ता समोर काय दिसतंय?

पलीकडचा माणूस गोंधळलेला वाटला. तो पडद्याबद्दल काहीतरी बोलत होता. पडदा नाही, असं हृषीकेश म्हणाला. समोर. खिडकीतून. समुद्रात.

मग तो अनोळखी आवाज दोन फोनांमधून पाझरत तिच्यापर्यंत आला.

"थांबा हं," तो म्हणाला. "बाहेर जाऊन बघतो."